मित्रकोळी आणि मराठवाड्याचा उन्हाळा : प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी, परभणी

प्रकल्पाचा विषय मंजूर झाला : परभक्षी कोळ्यांच्या (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे; पिकावरच्या कोळ्यांना खाणारे सूक्ष्म माइट) शरीरक्रियेवर उष्णतेच्या ताणाचा परिणाम. खरं तर विषय मामांनी दिलाय. जालना जिल्ह्यात त्यांचं शेडनेट आहे, त्यात काकडीचा बियाणे प्लॉट असतो. गेल्या हंगामात पानांचा रस शोषणाऱ्या लाल कोळ्याच्या बंदोबस्तासाठी त्यांनी मित्रकोळी, म्हणजे हेच परभक्षी, विकत आणून सोडले. मार्चपर्यंत बरं चाललं. एप्रिलमध्ये पानं पांढुरकी पडली, शेंड्यांवर जाळी धरली आणि मित्रकोळी भिंगातूनही दिसेनात. "पैसे मोजून आणलेले पाहुणे, ऊन लागलं की गायब. मरायलेत का पळायलेत तेवढं सांग बाई," असं मामा म्हणाले.

लाल कोळ्याचं (टेट्रानिकस अर्टिकी) काय होतं ते माहीत आहे. ३० अंशांच्या आसपास त्याची पिढी साधारण आठवड्यात पुरी होते, आणि कोरडी हवा त्याला मानवते. पेशीतला रस ओढताना जादाचं पाणी शरीरात येतं. हवा कोरडी असली की ते सहज बाहेर टाकता येतं आणि खाणं वाढतं. परभक्ष्याला कोरड्या हवेची ही सोय नाही.

१८ फेब्रुवारी

विकतची वसाहत घ्यायची की इथलीच? इथलीच ठरली. कंपनीच्या बाटलीतले कोळी पिढ्यान्‌पिढ्या २५ अंशांत वाढलेले असतात, त्यांना ४० अंशांत टाकून "मेले" म्हणण्यात काही अर्थ नाही.

एरंड आणि वांगी धुंडाळली. एरंडाच्या पानामागे, शिरेच्या बेचक्यात हवे ते सापडले. लाल कोळी ढकलल्याशिवाय हलत नाही. हा ब्रश जवळ नेला की धूम ठोकतो. अंड्यांवरून ओळख आणखी सोपी. लाल कोळ्याचं अंडं गोल, परभक्ष्याचं लांबट आणि मोठं. हॉयर माध्यमात (कोळी स्लाइडवर बसवायच्या द्रावणात) स्लाइड करून पाठीवरचे केस आणि मादीची शुक्रपिशवी पाहिली. निओसेयुलस लाँगिस्पायनोसस. लाल कोळ्याच्या जाळ्यात शिरून खाणारी, आपल्याकडची जात. सरांनीही स्लाइड पाहून मान डोलावली.

२८ फेब्रुवारी

घेवड्याची रोपं कुंड्यांत. भक्ष्याची वसाहत एका खोलीत, परभक्ष्याची दुसऱ्या. ब्रश वेगळे, ॲप्रन वेगळा. सकाळी आधी भक्ष्याच्या खोलीत जायचं, मग परभक्ष्याच्या; उलट कधीच नाही. एक मादी जरी चुकून पलीकडे गेली तरी पंधरवड्यात भक्ष्याची वसाहत फस्त होते. बाकी सगळं नेहमीचं.

१० मार्च

दिवसभर वाचन.

अर्ध्या मिलिमीटरहून छोटा जीव. घाम नाही, पंख नाहीत, सावलीला उडून जाण्याची सोय नाही. ज्या पानावर बसलाय त्या पानाचं तापमान तेच त्याच्या शरीराचं. एका मर्यादेपर्यंत उष्णता त्याच्या फायद्याचीच असते : दर १० अंशांमागे श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, वाढ भराभर होते, भूक वाढते. मर्यादा ओलांडली की तोच वेग अंगावर येतो. प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात, पेशीपटल सैलावतं, मायटोकॉन्ड्रियातून निसटलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार होतात आणि ते पटलातल्या चरबीवर तुटून पडतात.

बचावाला दोन फळ्या. एक, विकरांची : सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्या रेणूंचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, कॅटलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन. दुसरी, उष्माघात प्रथिनांची. १९६२ मध्ये फेरुचिओ रितोस्सा या इटालियन संशोधकाने फळमाशीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर उष्णतेने उठलेले फुगवटे नोंदवले, तिथून या प्रथिनांचा माग लागला. उलगडू लागलेल्या प्रथिनाला धरून पुन्हा घडी घालायची, हे त्यांचं काम. फुकट होत नाही ते. प्रत्येक घडीला ऊर्जा लागते, आणि मादीकडे ऊर्जेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे अंडं. या कोळ्यांचं अंडं मादीच्या देहाच्या मानाने अवाढव्य असतं, आणि अशी दोन-चार अंडी ती रोज घालते. म्हणजे दुरुस्तीचा खर्च निघणार तो अंड्याच्या खात्यातूनच. हा माझा अंदाज, तपासायचा आहे.

बहुतेक जुन्या निबंधांत निकाल एकाच आकड्यात : इतक्या अंशांत इतके तास ठेवल्यावर निम्मे मेले. मामांच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात नाही. जिवंत पण अंडी न घालणारी मादी शेडनेटमध्ये काय कामाची?

१५ मार्च

मांडणी अडली आहे आणि अडली आहे ते चांगलंच झालं.

आमच्या विभागात कोळी पाळायची पद्धत अशी : ट्रेमध्ये ओला स्पंज, त्यावर घेवड्याचं पान उलटं, कडेने ओला कापूस, म्हणजे कोळी पळत नाही. हाच ट्रे इनक्युबेटरमध्ये ४० अंशांवर ठेवायचा आणि त्याला उष्णतेचा ताण म्हणायचं. पण स्पंज ओला आहे. पानालगतची हवा जवळजवळ संपृक्त. एप्रिलमधल्या परभणीची दुपारची हवा कुठे आणि ही कुठे! त्या ट्रेत मोजलं जातं ते कोकणातल्या दमट हवेचं ४०. आपल्याकडे ४० सोबत आर्द्रता वीस टक्क्यांवर येते, कधी त्याखालीही.

उष्णता आणि कोरडेपणा हे दोन वेगळे ताण आहेत, आणि आपल्याकडे ते नेहमी हातात हात घालून येतात. प्रयोगात ते सोडवायला हवेत.

१७ मार्च

कागदावर सुटलं. नुसती आर्द्रतेची टक्केवारी फसवी असते. हवा पाणी किती जोराने ओढते ते बाष्पदाबाच्या तुटीवरून कळतं. २५ अंशांना संपृक्त बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल, ४० अंशांना ७.३८. म्हणून :

२५ अंश, ७५ टक्के : तूट ०.७९
२५ अंश, ३३ टक्के : तूट २.१२
४० अंश, ७५ टक्के : तूट १.८५
४० अंश, ३२ टक्के : तूट ५.०२

मधल्या दोन ओळी पाहून खुर्चीतून उठलेच. थंड-कोरड्या पेटीत आणि गरम-दमट पेटीत हवेची ओढ जवळजवळ सारखी, तापमानात १५ अंशांचा फरक. या दोन पेट्यांत जो फरक दिसेल तो उष्णतेचा. दोन्ही गरम पेट्यांत जो दिसेल तो कोरडेपणाचा. आणि शेवटची ओळ म्हणजे आपली दुपार.

आर्द्रता राखायला महागडं यंत्र लागत नाही. हवाबंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, मॅग्नेशियम क्लोराइडचं ठेवलं की ३३ च्या आसपास, आणि तापमान बदललं तरी दोन्ही फारसे हलत नाहीत. स्टोअरच्या दादांनी विचारलं, "मॅडम, प्रयोगशाळेत मीठ कशाला? जेवण इथंच करता का?"

पान मात्र डब्यात ठेवता येणार नाही. ते स्वतःच बाष्प सोडतं आणि आर्द्रता बिघडवतं. अंडी काळ्या कागदाच्या पट्टीवर, माद्या जाळी लावलेल्या छोट्या कुप्यांत, चार तास. मग परत २७ अंशांत, भक्ष्य असलेल्या पानावर. चारही गटांना पानाविना तेवढाच वेळ, म्हणजे उपासाचा परिणाम सगळीकडे सारखा. द्रावण आधी तापवून ठेवायचं, नाहीतर डबा ४० वर पोचेपर्यंतच बराच वेळ जातो.

२९ मार्च

माद्यांची पहिली फेरी. गरम कुप्यांत सुरुवातीला नुसती पळापळ, मग चाल अडखळते, मग पाय पोटाशी घेऊन पडून राहणं. मेल्याच असं वाटतं. २७ अंशांत आणल्यावर त्यातल्या बऱ्याच उठून चालू लागल्या. म्हणून नियम केला : मेली की जिवंत याची नोंद लगेच घ्यायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश लावून घ्यायची.

गरम-दमट गटातल्या बहुतेक जगल्या. गरम-कोरड्या गटात नुकसान जास्त, पण मी धरलं होतं तेवढं नाही. माद्या पोटभर खाऊन आल्या होत्या. भक्ष्याच्या रसातलं पाणी त्यांच्याकडे शिल्लक होतं. पुढच्या फेरीत काही माद्या आधी उपाशी ठेवून पाहीन.

खरी गंमत अंड्यांच्या वहीत आहे. थंड-कोरड्या गटाने एक दिवस हात आखडला आणि मग पूर्ववत. गरम-दमट गट, जो धडधाकट दिसत होता, खात होता, पळत होता, तो अंडी घालायला बरेच दिवस मागे राहिला. या दोन गटांवर हवेची ओढ सारखी होती. म्हणजे ही मार उष्णतेची.

६ एप्रिल

अंडी. इथे चित्र उलटं.

गरम-दमट डब्यातली बहुतेक अंडी फुटली, सहा पायांची पिल्लं बाहेर आली. थंड-कोरड्यातली काही सुरकुतली. गरम-कोरड्यातली अंडी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पाहवत नाहीत : एका बाजूने खपली पडल्यासारखी चपटी, आतला जीव टरफलाला चिकटलेला. थोडी फुटली, त्यांतली काही पिल्लं अर्धवट बाहेर येऊन तिथेच सुकली.

अंड्याला पाणी पिता येत नाही, जागा बदलता येत नाही. जे घेऊन आलं तेवढ्यावर निभवायचं. युरोपातल्या काचघरांत गाजलेल्या फायटोसेयुलस पर्सिमिलिस या परभक्षी कोळ्याबद्दल हे केव्हाचं माहीत आहे, हवा कोरडी पडली की त्याची अंडी फुटत नाहीत. तो जीव मूळ चिलीकडचा, १९५० च्या दशकाच्या अखेरीस ऑर्किडच्या रोपांबरोबर जर्मनीत पोचलेला, सौम्य दमट हवेचा. आपला देशी निओसेयुलस अधिक काटक असेल अशी आशा होती. असेलही, पण तूट ५ किलोपास्कलवर गेली की काटकपणा पुरत नाही.

वेळेचाही भाग आहे. ताजं घातलेलं अंडं आणि फुटायला आलेलं अंडं सारखं वागत नाही. वयवार फेरी लावली आहे.

लाल कोळ्याची गोल अंडी सोबत ठेवली होती. तीच दुपार, तोच डबा. त्यांना काही झालं नाही म्हटलं तरी चालेल.

१९ एप्रिल, जालना

शेडनेटमध्ये दोन दिवस. बाहेर ४२, आत सावलीत ४० च्या वर. पण कोळी हवेत राहत नाही, पानाच्या खालच्या अंगाला राहतो, म्हणून बारीक तारेचा थर्मोकपल (तापमानमापक) पानामागे चिकटवला. इन्फ्रारेड बंदूक आणली होती; ती भोवतालचं सगळंच एकत्र मोजते, पिशवीत परत.

पाणी नीट मिळणाऱ्या ओळींत दुपारीसुद्धा खालची पानं हवेपेक्षा काही अंशांनी गार. पान बाष्प सोडतंय तोवर ते स्वतःला थंड ठेवतं आणि पाठीमागे दमट हवेचा पातळ थर धरून ठेवतं. टोकाच्या ओळीत ड्रिपर क्षाराने चोंदले होते. तिथे पानांनी रंध्रं मिटलेली आणि पान हवेपेक्षा तापलेलं. दोन ओळींत अंतर चार पावलांचं, कोळ्याच्या दृष्टीने हवामानच वेगळं.

मित्रकोळी पळालेले नाहीत. ओल्या ओळींत, खालच्या पानांवर, शिरांच्या बेचक्यात आणि लाल कोळ्याच्या जाळ्यांत त्यांची लांबट अंडी सापडली, भरलेली, चकाकती. जाळ्यांतली अंडी जास्त सुरक्षित दिसतात. जाळं लाल कोळ्याने स्वतःसाठी विणलेलं, पण ओलावा त्यात परभक्ष्यालाही मिळतो. टोकाच्या ओळीत प्रौढ माद्या दिसल्या. अंडी नाहीत, नाहीतर सुरकुतलेली. मामांना दोन्ही पानं भिंगाखाली दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. "मग माया तर हायत की! पोरं होईनात, असं म्हण," एवढंच म्हणाले. माझ्या प्रबंधाचा गोषवारा याहून बरा होणार नाही.

फॉगरवरून (धुक्यासारखे तुषार सोडणाऱ्या यंत्रावरून) मात्र आमची जुंपली. दुपारी दोनला ते तासभर फॉगर चालवतात. आर्द्रता नोंदवणाऱ्या लॉगरमध्ये दिसतं की आर्द्रता झपकन चढते आणि फॉगर बंद झाला की तितक्याच वेगाने उतरते. शेडनेटला बाजू जाळीच्या, वाफ थांबणार कुठे? मला वाटतं बोअरचं तेवढंच पाणी ड्रिपने मुळाशी गेलं तर पानच दिवसभर फॉगरचं काम करेल. मामांचं म्हणणं, फॉगर बंद केला की काकडीची फुलं गळतात, बियाण्याचा उतारा कोण भरून देणार? त्यांचंही खरं आहे. त्यांचा प्लॉट कोळ्यांसाठी नाही.

२ मे

नरांचा प्रश्न. मित्रकोळ्यांच्या कुळात समागमाशिवाय मादीची अंडी घालायला सुरुवातच होत नाही. नर जन्मतो तोही फलित अंड्यातून, नंतर बापाकडची गुणसूत्रं टाकून दिली जातात. म्हणजे नराचं बीज खराब झालं तर निव्वळ मुली कमी होत नाहीत, सगळंच थांबतं.

फक्त नर गरम-दमट डब्यात ठेवले, मग न तापलेल्या कोवळ्या माद्यांशी जोड्या. समागम झाले, नजरेने पाहिले. काही जोड्यांत अंडी नेहमीसारखी, काहींत तुरळक. उलट जोड्याही लावल्या, मादी तापलेली आणि नर ताजा. तिथे घट अधिक सरळ दिसते. नरांवरचा निष्कर्ष इतक्या विखुरलेल्या आकड्यांवर लिहिणार नाही.

सरांना ही फेरी अनावश्यक वाटते. मला नाही वाटत.

१३ मे

जीवरसायन. एका मादीचं वजन मोजक्या मायक्रोग्रॅममध्ये, म्हणून एकेका नमुन्यासाठी शेकडो माद्या ब्रशने गोळा करून बर्फावर कुटायच्या. मान धरली आहे.

पटलातल्या चरबीची नासाडी मॅलॉनडायअल्डिहाइडवरून (चरबी नासताना तयार होणारा पदार्थ), थायोबार्बिट्युरिक आम्लाशी येणारा त्याचा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर. कॅटलेज २४० वर, पेरॉक्साइड किती वेगाने घटतं त्यावरून. प्रथिनं ब्रॅडफर्ड पद्धतीने ५९५ वर, म्हणजे सगळं प्रतिमिलिग्रॅम प्रथिन मांडता येईल.

तापलेल्या दोन्ही गटांत गुलाबी रंग गडद, गरम-कोरड्यात सर्वांत गडद. कॅटलेज गरम-दमट गटात चढलेलं, गरम-कोरड्यात चढलेलं नाही. पहिल्या गटाची बचावफळी कामाला लागली आहे. दुसऱ्यात ती उभी राहण्याआधीच ढासळली असावी. अंडी कमी होण्याशी हे जुळतं, पण जुळणं म्हणजे कारण नव्हे. उष्माघात प्रथिनांची जनुकं किती चालू झाली हे मोजलं तर दुवा सापडेल. त्यासाठीचं यंत्र आमच्याकडे नाही; विद्यापीठात वेळ मागितली आहे.

मधेच लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त फ्रीज चालतो.

२४ मे

एकदम ४२ अंशांत टाकण्याऐवजी आधी तासभर ३६ अंशांत ठेवलेल्या माद्या पाहिल्या. सरावाने ताण झेलण्याची ताकद वाढते हे अनेक कीटकांत माहीत आहे, इथेही दिसलं : जगणाऱ्या जास्त. शेतात ऊन हळूहळूच चढतं, म्हणून प्रयोगशाळेतला अचानक धक्का मृत्यू फुगवून दाखवतो. पण सराव झालेल्या माद्यांची अंडी सराव न झालेल्यांपेक्षा वाढली नाहीत. जीव वाचला, खर्च तोच.

चीनमध्ये निओसेयुलस बार्केरी या दुसऱ्या परभक्षी जातीची उष्णता सोसणारी वसाहत पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केली आहे. कॅलिफोर्नियात कीटकशास्त्रज्ञ मार्जोरी हॉय यांनी बदामबागांसाठी कीटकनाशकाला दाद न देणारे परभक्षी कोळी याच मार्गाने काढले होते. म्हणजे निवड शक्य आहे. पण निवडायचं काय? डब्यातून जिवंत निघालेल्या माद्या निवडत गेलो तर जगणारी वसाहत मिळेल. मला हवी ती एप्रिलच्या दुपारनंतर फुटणाऱ्या अंड्यांची. चाळणी अंड्यावरच लावावी लागेल, तीही कोरड्या डब्यात.

१० जून

मृगाचा पाऊस झाला, मामांचा प्लॉट काढून झाला. फोनवर बराच वेळ बोललो. पुढच्या हंगामाचं ठरलं ते असं. मित्रकोळी जानेवारीअखेरीस सोडायचे, लाल कोळी माजायची वाट न बघता पानांवर त्याचे चार-दोन ठिपके दिसले की लगेच. संध्याकाळी, आणि खालच्या पानांवर. मार्चच्या मध्यात दुसरी खेप, कारण त्यानंतर आतल्या आत वाढ होईल यावर विसंबता येत नाही. सगळ्या ओळींच्या ड्रिपरला फेब्रुवारीत ॲसिड ट्रीटमेंट. दोन ओळी माझ्या : एकीत फॉगरचं पाणी ड्रिपने, दुसरीत मामांच्या पद्धतीने, आणि दोन्हींत आठवड्याला अंडी मोजायची, प्रौढ नव्हे.

मामांच्या अटी दोन. फुलगळ दिसली की माझी ओळ त्याच दिवशी फॉगरवर जाईल. आणि शेंड्याला जाळी धरली तर ते फवारणी करतील, मला विचारणार नाहीत.